‘विथहोल्ड’ म्हणजे सोबत धरायचं का? नर्सिंगच्या इंग्रजी पुस्तकांबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची पुस्तकं लिहिणारे, ती कॉलेजांना लावणारे आणि त्यांवर पेपर काढणारे सर्व मान्यवर,

सप्रेम नमस्कार.

मी एका नर्सिंग कॉलेजात इंग्रजी शिकवते. मराठवाड्यात, तासिका तत्त्वावर, बारा वर्षं झाली. कॉलेजातल्या ट्युटर मला ‘इंग्लिशच्या मॅडम’ म्हणतात आणि इंग्रजीच्या चर्चासत्रांत माझी ओळख ‘त्या नर्सिंगवाल्या’ अशी करून दिली जाते. त्यामुळे दोन्हीकडे चहाच्या वेळी मी जरा टोकालाच बसते. टोकावरून दिसतं मात्र बरंच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे एक नातेवाईक दवाखान्यात होते, त्यांना भेटायला गेले. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींचं मेडिसिन वॉर्डाचं पोस्टिंग नेमकं तिथेच चालू होतं. एक मुलगी फाइल घेऊन लगबगीने माझ्याकडे आली. “मॅडम, बरं झालं तुम्हीच भेटल्या. विथहोल्ड म्हणजे सोबत धरायचं ना?”

फाइलमध्ये डिगॉक्सिनच्या ओळीपुढे लिहिलं होतं : ‘विथहोल्ड इफ पल्स बिलो ६०’. आजोबांची नाडी तिने स्वतः मोजली होती, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. ५४ भरली होती. ‘विथ’ म्हणजे सोबत, ‘होल्ड’ म्हणजे धरणं. म्हणजे नाडी साठच्या खाली असेल तर ही गोळी बाकीच्या गोळ्यांसोबत धरायची, असा तिने अर्थ लावला होता. गोळी ट्रेमधल्या कपात पडलेलीसुद्धा होती. डिगॉक्सिन हे ठोक्यांचा वेग कमी करणारं औषध आहे, आणि इथे ठोके आधीच मंद. ड्युटीवरच्या सिस्टरांनी लांबूनच ऐकलं. “अगं, विथहोल्ड म्हणजे देऊ नको! बाजूला काढ ती, डॉक्टरांना कळव आधी.” गोळी कपातून निघाली. आजोबांना काही कळलंसुद्धा नाही.

त्या मुलीला माझ्या पेपरात ५० पैकी ४१ मार्क होते.

तिला मूर्ख म्हणू नका. नाडी तिने बरोबर मोजली, ओळ वाचली, शंका आली तर विचारलं. आणि अनोळखी शब्द तोडून अर्थ लावायचा ही युक्ती तिला मीच शिकवली होती. तिच्या सत्रात मी जे उतारे घेतले त्यांत एक प्लास्टिकच्या प्रदूषणावर होता, एक वेळेच्या महत्त्वावर, एक ताजमहालावर. ‘विथहोल्ड’ त्यात कुठून येणार?

अभ्यासक्रमाला मी दोष देत नाही, हे आधी सांगते. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा बीएस्सी नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात आला. त्यात पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ आहे, दोन क्रेडिट, ४० तास. वाचनाच्या घटकात काय आहे ते पाहा : टिपणं आणि निरोप वाचणं, संक्षेप आणि वैद्यकीय शब्दसंपदा, तक्ते-आलेख-सूचना समजून घेणं, अहवाल वाचून त्यांचा अर्थ लावणं. म्हणजे हवं ते सगळं तिथे आहे. पण बाजारातलं पुस्तक उघडलं की पहिल्या पानावर जुनेच उतारे, फक्त मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप. घटकाचं नाव बदललं, धडा तोच राहिला.

आणि उताऱ्याखालचे प्रश्न! ते कसे असतात ते मराठीतच दाखवते. वाचा :

‘झिपुर्डा काल ढबळ्यात फुंबला, कारण त्याची गुरपी चिंबट होती.’
प्रश्न पहिला : झिपुर्डा कुठे फुंबला? प्रश्न दुसरा : तो का फुंबला?

आलं ना उत्तर? ढबळ्यात फुंबला, गुरपी चिंबट होती म्हणून. दोन्हीला पूर्ण मार्क. झिपुर्डा, ढबळा, फुंबणं, गुरपी, चिंबट यांतला एकही शब्द मराठीत नाही, आत्ताच बसून मी ते जुळवले. आमच्या मुली बारावीपर्यंत हेच करत आलेल्या असतात : प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवायचं. ४१ मार्क त्याचेच होते. मला ते कळायला डिगॉक्सिनची गोळी दिसावी लागली, ही माझी लाज.

त्यानंतर मी एक साधं काम केलं. नर्सिंग फाउंडेशनच्या पुस्तकातलं एक पान झेरॉक्स करून वर्गात वाटलं आणि सांगितलं, जो शब्द येत नाही त्याखाली लाल रेघ मारा. मला वाटलं होतं हॅमरेज, डिस्प्निया, टॅकीकार्डिया यांच्याखाली रेघा येतील. त्यांच्याखाली एकही नव्हती. ते शब्द ट्युटरने शिकवलेले, वहीत अर्थासकट लिहिलेले, तोंडी परीक्षेत विचारलेले. रेघा होत्या त्या सबसाइड, ऑनसेट, इम्पेअर्ड, प्रॉम्प्टली, अ‍ॅडिक्वेट, प्रायर टू अशा शब्दांखाली. हे शब्द कुणाच्याच ताब्यातले नाहीत. अ‍ॅनाटॉमीच्या ट्युटरला वाटतं ते इंग्रजीच्या मॅडमचं काम, आणि इंग्रजीच्या मॅडम ताजमहालात.

पानं गोळा केली तेव्हा काही पानं पार लाल झालेली होती. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवलं होतं की मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायचा तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एखादा अनोळखी चालतो. आमच्या मुलींच्या पानावर तो दर ओळीला भेटत होता. त्यात तांड्यावरून आलेल्या मुलींना मराठीच मुळी शाळेत शिकलेली, घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. त्यांची इंग्रजी ही तिसरी भाषा, आणि तिसऱ्या भाषेत त्या माणसाच्या जिवाचं वाचतात.

खरी भीती मात्र मला रेघ न मारलेल्या शब्दांची वाटली. येतो असं वाटतं आणि येत नाही, असे शब्द. ‘अ‍ॅब्डोमेन सॉफ्ट, नॉन-टेंडर’ हे वाचून एका मुलीने विचारलं, “नॉन-टेंडर म्हणजे टेंडर निघालेलं नाही का?” वर्ग खो खो हसला. तिचे वडील जिल्हा परिषदेची छोटी कामं घेतात. घरात रोज टेंडरची चर्चा. तिची काय चूक? दाबल्यावर दुखतं त्याला टेंडर म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या एकीने एक्सरेच्या रिपोर्टातला ‘अनरिमार्केबल’ वाचून सांगितलं, डॉक्टरांनी अजून रिमार्क दिलेला नाही. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर शेरा असतो तो रिमार्क, मग शेरा नाही तो अनरिमार्केबल. तर्क चोख आहे. अर्थ मात्र ‘विशेष काही दोष आढळला नाही’ असा आहे, आणि तिने सांगितलेल्या अर्थाने पेशंट दिवसभर रिपोर्टची वाट बघत बसला असता.

अशांची एक वहीच मी केली आहे. डिस्चार्ज : पेशंट घरी जातो तोही आणि जखमेतून येतो तोही, शिवाय मोबाइलचा वेगळाच. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी : लघवीचं कल्चर पाठवा म्हटल्यावर लघवीला कसली संस्कृती, असं वाटणं साहजिक आहे. स्टूल (शौच), लेबर (बाळंतकळा), पास (लघवी-शौचाला होणं). रिपोर्ट निगेटिव्ह आला की नातेवाइकांचे चेहरे पडतात, आणि पहिल्या वर्षाच्या मुलींचेही. हे शब्द मराठीत आधीच येऊन बसलेत, एक अर्थ घेऊन. वॉर्डात ते दुसरा अर्थ घेऊन येतात. परदेशी पुस्तकांत ही यादी कधीच मिळणार नाही, कारण लंडनच्या विद्यार्थिनीच्या घरी टेंडर निघत नाही. ती इथेच करावी लागेल, आपल्याला.

मग मी आठवडाभर वॉर्डात गेले. इन्चार्ज सिस्टरांची रीतसर परवानगी घेऊन, दुपारच्या वेळी, कोपऱ्यात स्टूल टाकून. एकच बघायचं होतं : नर्स दिवसभरात काय काय वाचते? इंजेक्शनच्या बाटलीवरचं लेबल. ताप, नाडी, श्वास यांचा टीपीआर चार्ट. क्रॅश कार्टची, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाड्याची, चेकलिस्ट. रक्ताच्या पिशवीवरची चिठ्ठी. इन्फ्युजन पंपाच्या पडद्यावरचं ‘ऑक्लूजन’, म्हणजे नळी तुंबली. फ्रिजच्या दारावरचं ‘२ ते ८ अंश, डू नॉट फ्रीझ’. जैववैद्यकीय कचऱ्याचा पिवळा, लाल, पांढरा, निळा असा रंगांचा तक्ता. मागच्या शिफ्टने सोडलेली हँडओव्हरची टिपणं, ज्यांत एकही वाक्य पूर्ण नाही. आठवडाभरात तीनशे शब्दांचा, शेवटी तात्पर्य असलेला उतारा एकदाही कुणाच्या हातात दिसला नाही.

त्या टिपणांची इंग्रजीसुद्धा पुस्तकातली नव्हे. ‘के/सी/ओ डायबेटिस, सी/ओ पेन अ‍ॅब्डोमेन सिन्स टू डेज.’ के/सी/ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार, सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार. यातल्या ‘सिन्स टू डेज’वर मी पेपरात लाल गोल मारते. वॉर्डात ते शंभर टक्के समजतं आणि सगळे तसंच लिहितात. वाचनाच्या धड्यात ते जसंच्या तसं यावं असं माझं मत आहे. लिहिताना काय लिहायचं तो तास वेगळा. तसंच परदेशी पुस्तकाचं. त्यात अ‍ॅसिटामिनोफेन असतं, वॉर्डात ‘पीसीएम’ म्हणजे पॅरासिटामॉल असतं, आणि दोन्ही एकच. त्यात एपिनेफ्रिन, इथे अ‍ॅड्रेनलिन. अमेरिकेचं पुस्तक एनपीओ म्हणतं, आपला बेडवरचा बोर्ड एनबीएम; दोन्हींचा अर्थ तोंडाने काही द्यायचं नाही. मुलगी दोन्ही शिकते आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजते.

आता मी केलेल्या धड्यांपैकी एक दाखवते, म्हणजे मी नुसती तक्रार करते असं होणार नाही.

धडा आहे हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, दोन बाटल्यांचा. दोन्ही पाच एमएलच्या. एकीवर १००० आययू (म्हणजे युनिट) पर एमएल, दुसरीवर ५००० आययू पर एमएल. लेबलं मोठी करून छापली, आजूबाजूची सगळी अक्षरं तशीच ठेवली, कारण खऱ्या बाटलीवर कुणी आपल्यासाठी महत्त्वाचं ठळक करून ठेवत नाही. ऑर्डर : ५००० युनिट. औषधाचं नाव काय, हा प्रश्न मी विचारत नाही. मी विचारते, या बाटलीतून किती ओढशील? आणि त्या बाटलीतून? आणि तुझी नजर आधी कुठल्या आकड्यावर गेली?

उत्तर आहे, एकीतून पूर्ण पाच एमएल, दुसरीतून फक्त एक. वर्गात पहिल्यांदा दिलं तेव्हा बऱ्याच जणींनी दुसऱ्या बाटलीवरचं ‘५०००’ पाहिलं, ऑर्डरमधलं ‘५०००’ पाहिलं, जुळलं म्हणून आख्खी बाटली ओढली. कागदावरच, सुदैवाने. पंचवीस हजार युनिट. पुन्हा झिपुर्डा आणि ढबळा : प्रश्नातला शब्द शोधायचा आणि उतरवायचा. लेबलावरचा सगळ्यात लहान शब्द कुठला? पर. त्याच्यावरून सगळ्यांच्या नजरा घसरल्या होत्या. मी विचारलं, तुमच्याकडे डेअरीवर दूध घालतात तिथे बोर्डावर काय असतं? दर लिटरला इतके रुपये. मग ‘पर’ म्हणजे ‘दर’. दर एमएलमागे पाच हजार. एकदम लख्ख पडलं. ज्या मुलीच्या घरी दोन म्हशी आहेत ती या धड्यात सगळ्यांच्या पुढे असते.

पुढचा धडा ओघानेच इन्सुलिनचा. आपल्याकडे ४० युनिटची बाटली असते तशी १०० युनिटचीही असते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. बाटली आणि सिरिंज यांची जोडी चुकली की डोस अडीच पट वर किंवा खाली. त्या धड्यात वाचायची इंग्रजी जेमतेम वीस शब्दांची आहे. पण ते वीस शब्द वाचायला आम्हाला पूर्ण तास लागतो आणि तास संपल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. त्यालाच जोडून संक्षेपांचा धडा घेते. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ साली दवाखान्यांसाठी ‘हे लिहू नका’ अशी यादी काढली. युनिटसाठी नुसतं ‘यू’ अक्षर लिहू नका, कारण हाताने लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. पाच लिहायचे तर ‘५.०’ लिहू नका, टिंब पुसट आलं की पन्नास वाचले जातात. ही यादी वाचायला मुलींना आवडते, कारण त्यात त्यांच्याबाजूने बोलणारं कुणीतरी आहे : वाचणाऱ्याचीच चूक नसते, लिहिणाऱ्याचीही असते.

व्याकरण मी सोडलेलं नाही. उलट जास्त नेमकं झालं. ‘पोस्ट-ऑपरेटिव्ह वूंड इन्फेक्शन सर्व्हेलन्स फॉर्म’ अशी पाच शब्दांची आगगाडी आली की मुली पहिल्या डब्यातच अडकतात. पण याच मुलींनी दहावीला समासाचा विग्रह केलेला आहे. मागून सुरुवात करा म्हटलं. फॉर्म. कशाचा? सर्व्हेलन्सचा, म्हणजे लक्ष ठेवून नोंद करण्याचा. कशावर लक्ष? इन्फेक्शनवर. कशाच्या? जखमेच्या. कुठल्या जखमेच्या? ऑपरेशननंतरच्या. तत्पुरुष! दहावीचं मराठी व्याकरण नर्सिंगच्या तिसऱ्या सत्रात कामाला आलेलं पाहून माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना फार बरं वाटलं असतं.

आणि ‘अनलेस’. या एका शब्दासाठी मी चार तास मागेन. ‘डू नॉट गिव्ह अनलेस सिस्टॉलिक अबव्ह १००.’ सिस्टॉलिक म्हणजे बीपीचा वरचा आकडा. यात नकार दोनदा दडलेला आहे, आणि मराठी डोकं ‘डू नॉट गिव्ह’वर थांबतं किंवा ‘अबव्ह १००’ला ‘देऊ नको’ लावून मोकळं होतं. ‘शंभराच्या वर असेल तरच दे’ हे मराठीत एका ‘तरच’मध्ये बसतं. अनलेस, अन्टिल, विदिन, अ‍ॅट लीस्ट, नो मोर दॅन. वॉर्डातल्या सूचनेचा सगळा भार या बारक्या शब्दांवर असतो आणि पुस्तकांत यांच्यासाठी ‘गाळलेल्या जागा भरा’च्या पाच ओळी.

इथे मी ‘मराठीत’ म्हणते आहे, त्यावर काही जणांच्या भुवया वर जातील. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर दंड लावणारी कॉलेजं मला माहीत आहेत. त्यांना माझं एवढंच विचारणं आहे की नर्स वाचलेलं सांगते कुणाला? डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ‘पँटोप्राझोल ४०, ओडी, बिफोर ब्रेकफास्ट’. समोर आजी बसलेल्या असतात. वर्गात हा प्रसंग करून घेतला तेव्हा एका हुशार मुलीने आजी झालेल्या मैत्रिणीला सांगितलं, “आजी, ही ओडी घ्यायची.” आजीने विचारलं, “कुठं असते ती?” सगळे हसले, पण उत्तर कुणाला चटकन देता आलं नाही. शेवटी एकीने सांगितलं, “दिवसातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी, काही खायच्या आधी. चहासुद्धा नंतर.” चहाची गोष्ट कार्डावर नव्हती, आजी लोकांना चहा म्हणजे खाणं वाटत नाही हे तिला घरी माहीत होतं. मला विचाराल तर त्या सत्रातलं वाचनाचं सगळ्यात चांगलं उत्तर ते. पेपरात ते लिहायला जागाच नाही, कारण उत्तर मराठीत आहे. (आणि डोळ्यांच्या विभागात गेलं की ओडी म्हणजे उजवा डोळा. तोही धडा आहे माझ्याकडे.)

म्हणून माझी पहिली मागणी पेपर काढणाऱ्यांकडे आहे. हा पेपर कॉलेज पातळीवरच होतो, विद्यापीठाची परवानगी मागायला जावं लागत नाही. अर्धे प्रश्न असे ठेवा की ज्यांचं उत्तर कागदात सापडत नाही, कागदावरून ठरवावं लागतं. ही ऑर्डर आणि हा चार्ट. आता तू काय करशील? हे कार्ड आहे. आजींना मराठीत सांग. हे दोन शिफ्टचे हँडओव्हर. यांत काय जुळत नाही? तपासायला वेळ लागतो, कबूल.

लेखकांकडे मागणी अशी की एकट्याने लिहू नका. माझ्या पहिल्या मसुद्यात मी एक चार्ट बनवला होता, त्यात पेशंटला एनबीएम ठेवून सकाळी आठ वाजता तोंडाने गोळी दिली होती. भाषा निर्दोष, पेशंट गोंधळात. एका स्टाफ सिस्टरांनी चहा पिता पिता दाखवून दिलं. तेव्हापासून प्रत्येक पान आधी त्यांच्याकडे जातं. त्यांचं नाव मुखपृष्ठावर माझ्या नावाशेजारी, आणि मानधनही निम्मं, असं व्हायला हवं. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एकट्याने लिहिलं की ताजमहाल येतो, आणि नर्सिंगच्या लोकांनी एकट्याने लिहिलं की फार्माकॉलॉजीची गाइड होते. खरे कागद वापराल तेव्हा पेशंटचं नाव, वय, आयपीडी नंबर, गाव सगळं काढून टाका; नुसतं नाव खोडून भागत नाही, लहान गावात गावाच्या नावावरून माणूस ओळखतात.

कॉलेजांकडे मागणी तासांची. ४० तास सगळे पहिल्या सत्रात जातात, जेव्हा मुलीने अजून धड वॉर्डही पाहिलेला नसतो. तिला क्रॅश कार्टची चेकलिस्ट वाचायला देऊन काय उपयोग? पुढची सात सत्रं इंग्रजीचं नाव नाही, आणि खरं वाचन तर तेव्हा सुरू होतं. क्रेडिट हलवणं तुमच्या हातात नसेल, पण प्रत्येक पोस्टिंगसोबत सोळा पानांची एक पुस्तिका देता येईल. मेडिसिनची वेगळी, लेबर रूमची वेगळी, मुलांच्या वॉर्डाची वेगळी. एप्रनच्या खिशात मावेल अशी.

‘मग फॉरेनला जाणाऱ्यांचं काय?’ हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. त्यांच्यासाठी सांगते. ब्रिटनसारख्या देशांत नोंदणीसाठी नर्सना जी ओईटी नावाची इंग्रजीची परीक्षा चालते, तिचा वाचनाचा पेपर पाहा. पहिल्या भागात एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, पंधरा मिनिटांत वीस प्रश्न : हव्या त्या कागदातून हवी ती माहिती झटकन शोधायची. दुसऱ्या भागात कामाच्या ठिकाणचे सहा तुकडे, म्हणजे धोरणं, सूचना, यंत्रांची माहितीपत्रकं. तिसऱ्यात दोन लांब लेख. म्हणजे परदेशात जायला जे वाचन लागतं आणि सिव्हिलच्या वॉर्डात जे लागतं त्यांत बराचसा भाग सामाईक आहे. ताजमहाल दोन्हीकडे उपयोगाचा नाही.

फक्त लेबलं आणि चार्टच वाचायला द्या असं मात्र मी म्हणत नाही. तसं झालं तर मुली इंग्रजीकडे कायमच्या औषधाच्या बाटलीसारखं बघतील. आजारी माणसाने स्वतः लिहिलेलं एखादं पान, रात्रपाळीचं वर्णन, एखादी गोष्ट पुस्तकात असावीच, आणि त्यावर प्रश्न नसले तरी चालतील. फ्लॉरेन्स नाइटिंगेलही असू द्या. पण किती वर्षं आपण तिच्या हातात नुसता दिवा देणार? ती आकडेमोडीत पक्की होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने १८५८ साली रंगीत पाकळ्यांच्या आकृत्या काढून सरकारला दाखवलं. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली महिला सदस्य. ती आकृती धड्यात द्या. अभ्यासक्रमात तक्ते-आलेख वाचायला सांगितलेच आहेत, आणि पाकळी मोठी का झाली हा प्रश्न कुठल्याही ‘लेडी विथ द लॅम्प’पेक्षा जास्त वेळ वर्ग जागा ठेवतो. मी करून पाहिलंय, दुपारी अडीचच्या तासाला, डबा खाल्ल्यावर.

माझ्याकडे असे तेवीस धडे झालेत. बरे-वाईट मिळून. कुणाला हवे असतील तर कॉलेजच्या पत्त्यावर मागवा, झेरॉक्सचा खर्चही नको; अट एकच की ते वापरण्याआधी तुमच्याकडच्या वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरांना दाखवा आणि त्या ज्या चुका काढतील त्या मला कळवा. चोवीसावा धडा ‘विथहोल्ड’चा करायला घेतलाय. त्यात विथड्रॉ आणि विदिनही घ्यावं लागेल, कारण ‘विथ’ने त्यांचाही असाच घोळ होतो. अजून जमलेला नाही.

आपली नम्र,
इंग्रजीची एक तासिका शिक्षिका

ता. क. : डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी वर काहीच लिहिलं नाही, हे माझ्या सहकारी ट्युटरांनी पत्र वाचून लगेच दाखवून दिलं. औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ सालीच केला आहे. त्याचं पुढे काय झालं ते कुठल्याही वॉर्डातली फाइल उघडून बघा. ते खुलं पत्र दुसऱ्या कुणीतरी लिहावं. माझं अक्षरही फारसं बरं नाही.